तोडणारीनं निवडायचं नाही

माझ्या थोरल्या मावशीला जगात दोन गोष्टी सहन व्हायच्या नाहीत. एक म्हणजे ताटात टाकलेलं अन्न. दुसरी माझी आई. अन्न टाकणाऱ्याला ती तोंडावर चार शब्द सुनावून सोडून द्यायची. आईला तिनं कधी सोडलं नाही, आणि आईनं तिला.

दोघी सख्ख्या बहिणी. एकाच गल्लीच्या दोन टोकांना राहायच्या, मधे पाण्याचा नळ. थोरली नळावर आली की धाकटी हंडा उचलून चालू लागायची, मग हंडा भरलेला असो नाहीतर अर्धा. एकमेकींशी बोलणं बंद होतं, पण एकमेकींना ऐकवणं चालू होतं. मावशी नळाच्या तोटीला सांगायची, "काही लोकांच्या घरी पाणीसुद्धा आळणी होतं म्हणे." आई बादलीला सांगायची, "काही लोकांची जीभ कापून टाकली तरी शेपटीसारखी वळवळेल." तोटी आणि बादली दोघींनी बरंच ऐकून घेतलं.

लोखंड ओतायच्या कारखान्याच्या फाटकासमोर मावशीची खाणावळ होती. लांबोडकी एकच खोली, वर पत्रा, आत बाकांच्या दोन ओळी. भिंतींवर खांद्याच्या उंचीला एक काळा पट्टा उमटलेला असायचा, कारण भट्टीवरून आलेली माणसं पाठ टेकून बसायची आणि त्यांच्या पाठीवर निम्मा कारखाना असायचा. आधी मावशी त्यावर चुना मारायची. पट्टा परत यायचा. मग तिनं चुन्याचा नाद सोडला आणि पट्टा कायमचा राहायला आला.

दाराशी उंच स्टुलावर ती बसायची, मांडीवर वाढायचा डाव आडवा ठेवून. जेवून उठणाऱ्यानं ताट घेऊन तिच्यापुढं थांबायचं. ती ताटातून बोट फिरवायची, अगदी कडेकडेनं, आणि बोटाला शीत लागलं की तोंडाचा पट्टा सुटायचा.

"हे कुणासाठी ठेवलंस? तुझी सासू येणाराय?"

"मावशी, चार शितं राहिली असतील."

"चार शितं पिकवून दाखव. मग टाक खुशाल."

वितळलेल्या लोखंडाला न भिणारे बाप्ये तिच्यापुढं उभ्यानं ताट चाटायचे. पाठीमागं तिला हवालदारीण म्हणायचे. तिच्या कानावर ते गेलं होतं आणि तिला ते आवडायचं, हे मी तिच्या नाकपुड्यांवरून सांगू शकतो.

मी त्याच कारखान्यात वाळूचे साचे भरायचो. खाणावळीत पाय ठेवायचा नाही असा आईचा हुकूम. म्हणून दुपारी डबा घेऊन फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसायचो. तिथून खाणावळीचं दार नाकासमोर, आणि दारातून मावशीला मी.

"काय रे, आज काय दिलंय? कालचंच पुन्हा गरम केलेलं का?" ती रस्त्यापलीकडून ओरडायची.

"ताजं आहे, मावशी."

"ताजं असतं तर तुझं तोंड असं असतं का!"

तिचा नवरा, म्हणजे माझा मावसा, याच कारखान्याच्या गोदामात होता. इतका अबोल माणूस की तो गेला तेव्हा शेजारच्यांना वाटलं, नेहमीसारखाच बसलाय. मूलबाळ नव्हतं. मावशी रडली का, ते कुणी पाहिलं नाही. खाणावळ मात्र चौथ्याच दिवशी उघडली, आणि त्या दिवशी ताटात बोट जरा जास्तच जोरात फिरलं.

डाळभात तर कोपऱ्यावरच्या हॉटेलातही मिळायचा. माणसं रस्ता ओलांडून मावशीकडं यायची ती घोळीसाठी.

घोळ ही रानची भाजी. तिला कुणी पेरत नाही, कुणी राखत नाही. गळक्या नळाखाली, फुटक्या गटाराच्या कडेला, जिथं म्हणून ओल दिसेल तिथं जमिनीला पोट लावून पसरते. तांबूस गुबगुबीत देठ, मांसल पानं, वर बारकी पिवळी फुलं. चावली की आंबूस, जराशी खारट आणि बुळबुळीत. कारखान्याच्या मागच्या बाजूला पाण्याची मोठी टाकी होती. ती जन्मापासून गळत होती. तिच्या पायथ्याशी घोळीची नुसती सतरंजी.

मावशी ती डाळीत घालायची, वरून ठेचलेल्या लसणाची फोडणी. कोवळी असली तर कच्चीच दह्यात कालवायची, मीठ लावून. जून देठ चिरून मिठाच्या पाण्यात बरणीत मुरवायची. दिवसभर भट्टीसमोर उभं राहून ज्याचं तोंड आलंय, लघवीला आग होतेय, अंगभर घामोळं उठलंय, त्याला दुसरं अन्न जात नसे, घोळ जायची. भट्टीवरचा एक हेल्पर काही दिवस उभ्यानंच जेवायचा. बाकावर टेकायची सोय नव्हती बिचाऱ्याला. मावशीनं त्याला रोज घोळीचं पातळ कालवण घातलं आणि तिखट बंद केलं. एके दिवशी तो बसला. बसला तो बसला, वर आपल्याला कुठं कुठं आग होत होती ते भर पंगतीत खुलासेवार सांगायला लागला. मावशीनं डाव मारून त्याला परत उभा केला.

मुतखड्याच्या माणसाला मात्र ती घोळ वाढायची नाही. "तुझ्यात आधीच दगड आहेत, मी आणखी खडी टाकत नाही," म्हणायची आणि नुसती डाळ ओतायची.

हे सगळं आजीचं. खाणावळही आजीची आणि घोळही. पोटात घ्यायची घोळ थोरलीकडं गेली, अंगावर बांधायची धाकटीकडं. आई गळवांवर, भाजल्या-पोळल्यावर पाला वाटून बांधायची. ठिणगी उडालेला प्रत्येक माणूस मधल्या सुट्टीत आमच्या ओट्यावर हात पुढं करून बसलेला असायचा.

आता घोळीत एकच वाईट, तिची शेजारीण. नायटी नावाचं एक तण तिच्याच अंगाला खेटून वाढतं. तसंच जमिनीसरपट, तसेच तांबूस देठ. नवख्या माणसाला दोघी जुळ्या वाटतील. फरक असा की नायटीचं पान पातळ आणि जरा लवदार, आणि देठ मोडला की आतून पांढरं दूध निघतं. ते दूध लोक नायट्याला लावतात, म्हणून नायटी. नाजूक कातडीला लागलं तर फोड येतो. पोटात गेलं तर वरून आणि खालून एकदमच वाट मोकळी.

म्हणून आजीनं नियम घालून दिला होता: तोडणारीनं निवडायचं नाही. एकीनं विळ्यानं कापून टोपली भरायची आणि दुसरीच्या पुढ्यात टाकायची. दुसरीनं देठ न् देठ मोडून बघायचा. दूध आलं की बाजूला. आजी म्हणायची, जिनं तोडलं तिच्या हाताला वाटतं की आपण बघितलंय. त्या हातावर विश्वास ठेवायचा नाही, मग तो माझा का असेना. थोरली तोडायची, धाकटी निवडायची. आईचं लग्न झालं, मी झालो, आजी गेली, तरी रोज सकाळी आई खाणावळीच्या मागच्या दारी निवडायला बसायची.

त्या दारातच सगळं मोडलं. एका सकाळी आईला टोपलीत नायटीची भलीमोठी काडी सापडली. गपचूप फेकून दिली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. पण आईचा स्वभाव तसा नाही. ती काडी वर धरून ती पंगतीत गेली. चहाला आलेली माणसं बसली होती.

"बघा हो, आमच्या ताईचे डोळे! उद्या विळ्यानं कुणाचा पाय कापून आणेल आणि म्हणेल, देठ जून आहे."

माणसं हसली. मावशीनं टोपली उचलली आणि आईच्या डोक्यावर पालथी केली. घोळ, माती, गोगलगायी, सगळं.

"चालती हो. पुन्हा या दारात दिसलीस तर तुलाच फोडणीला टाकीन."

"तूच ये बोलवायला. आंधळ्यासारखी चाचपडत येशील."

त्या दिवसापासून मावशी एकटीच तोडायची आणि एकटीच निवडायची.

आईचं म्हणणं खोटं नव्हतं. मावशीच्या डोळ्यांवर धुकं यायला लागलं होतं. कट्ट्यावर बसून मला ते दिसायचं. माणूस बोलल्याशिवाय ती त्याला नावानं हाक मारायची नाही. ताटात बोट फिरवायची ते लोकांना कडकपणा वाटायचा. खरं तर तिला शितं दिसत नव्हती. पण हात पक्का होता. घोळीचं पान जाड, नायटीचं पातळ, एवढं तिच्या बोटांना पुरायचं. कितीतरी वर्षं तिनं नुसत्या बोटांनी घोळ निवडली आणि एकाही माणसाचं पोट बिघडलं नाही. हे कुणाला सांगायचं म्हणजे डोळे गेले हे कबूल करायचं, आणि ते कबूल करायचं म्हणजे आईचं खरं ठरायचं. त्यापेक्षा तिनं जीव दिला असता.

मग एक दिवस तिनं चुलीवरचं पातेलं फडकं न घेता उचललं. उजव्या हाताची बोटं भाजली. तिनं त्याच बोटांनी टोपलीतला थोडा पाला निवडला, वाटून त्यांवर थापला, वर चिंध्या गुंडाळल्या आणि कामाला लागली. चिंध्या बांधलेल्या हातानंच निवडायला बसली.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलं. दुपारची पंगत उठली, भोंगा झाला, आम्ही आत गेलो. ओतकाम सुरू झालं. लोखंडाची पळी दोघांनी दांड्याला धरून न्यायची असते, आणि तिच्यात जे असतं ते पाण्यासारखं असतं पण पाणी नसतं. पळी नेता नेता पुढच्याच्या पोटात कळ आली. तो जागच्या जागी वाकला. पळी कलंडली. लोखंड वाळूवर सांडलं म्हणून बरं, नाहीतर मागच्याचे दोन्ही पाय गेले असते. तोवर भट्टीमागं आणखी कुणी ओकत होतं, कुणी संडासाच्या दाराशी दुसऱ्याला बाहेर ओढत होतं. संध्याकाळपर्यंत ज्यानं ज्यानं घोळ खाल्ली होती तो भुईसपाट झाला होता. मी धड होतो, कारण माझ्या डब्यात आईची आळणी भाजी होती.

मुकादम म्हणजे आडवा, घोगरा माणूस. तो स्वतः मुतखडेवाला, त्यामुळं त्यानं नुसती डाळ खाल्ली होती आणि त्याला ओरडायला ताकद उरली होती. तो तडक रस्ता ओलांडून गेला.

"मावशी, काय घातलंत?"

"रोज घालते तेच."

"रोजचं असतं तर माझी निम्मी पाळी संडासात बसली नसती. हे कसं झालं ते कळेपर्यंत माझा एकही माणूस इकडं येणार नाही."

मावशी स्टुलावरून उतरली. डाव मुकादमापुढं नाचवला.

"माझ्या बहिणीला विचारा. नायटी तिनं कालवलीय. माझी खाणावळ तिच्या डोळ्यांत सलते."

बातमी माझ्या आधी गल्लीत पोचली. दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर एकही भाजलेला हात आला नाही. हेल्परच्या बायकोनं नळावर आईचा हंडा पायानं सरकवला. "हात लावू नका गं कुणी, विषारी बाई आहे," असं ती म्हणाली आणि बाकीच्या बायका मागं सरकल्या. आई घरी आली ती तोंड घट्ट मिटून. असं तोंड तिचं मी कधी पाहिलं नव्हतं, कारण मिटलेलं तोंडच तिचं फारसं पाहिलं नव्हतं.

दुपारी मुकादम दारात. "हे बघा बाई, खरं काय ते सांगा. पळी सांडलीय. उद्या साहेब मला विचारतील."

"तिच्यासमोर सांगते," आई म्हणाली. "चला."

आई पुढं, मुकादम मागं, त्यामागं मी. इतक्या वर्षांनी आई त्या रस्त्यानं चालली. खाणावळ रिकामी. बाकं पुसलेली, चूल थंड, मावशी स्टुलावर एकटी. फाटकाच्या गजांमागं आमच्या पाळीची माणसं गोळा झाली होती, बरी झालेली आणि पिवळी पडलेली.

"कोण आहे?" मावशी म्हणाली.

"तुझं मरण," आई म्हणाली.

"उशिरा आलीस. नेहमीसारखीच."

"टोपली कुठं ठेवतेस?"

"आत, चुलीमागं. तुला ठाऊक नाही होय? विष घालायला कशी गेलीस मग?"

"आतल्या दाराला कुलूप असतं?"

"असतं. किल्ली माझ्या कमरेला."

"मग मी आत शिरले कुठून?"

"तू? तू धुराड्यातूनही उतरशील. पाल आहेस तू."

गजांमागं कुणीतरी हसलं. आईचं लक्ष तिकडं नव्हतं. ती मावशीच्या हाताकडं बघत होती. चिंध्या मळलेल्या, एका बोटातून पाणी पाझरत होतं.

"हाताला काय झालं?"

"तुझं काय जातंय?"

आईनं तिचं मनगट धरलं. मावशीनं झटका दिला, डाव्या हातानं डाव उगारला. मी डाव धरला. त्याबद्दल मावशी मला काय म्हणाली ते लिहिण्यासारखं नाही. आईनं चिंध्या सोडवल्या. आत वाटलेल्या पाल्याचा हिरवा थर, त्याखाली बोटं लालबुंद, टरारून फुगलेली, एकेका पेरावर फोड.

"कधी भाजलं?"

"पातेलं लागलं. त्याच दिवशी सकाळी."

"आणि पाला कुठला बांधलास?"

"आपला. घोळीचा. त्याच टोपलीतला. निवडलेला."

आईनं तो लगदा आपल्या तळहातावर घेतला आणि बोटानं पसरला. न वाटलेला एक तुकडा वर आला. पातळ, लवदार पान. ते तिनं मुकादमाच्या नाकासमोर धरलं.

"ही नायटी. भाजल्यावर घोळ बांधली की आग उतरते. हिची चढलीय. फोड बघा."

मुकादमानं फोड बघितले. "म्हणजे?"

"म्हणजे, तिच्या टोपलीत नायटी होती आणि तिला ती कळली नाही. तीच तिनं डाळीत घातली, तीच बोटांना बांधली." मग आई मावशीकडं वळली. "की तुझ्या बोटांवर पण मीच येऊन बांधून गेले?"

मावशीनं मान खाली घातली. आयुष्यात पहिल्यांदा. तेवढ्यात आईनं आपलं तोंड आवरलं असतं तर ती देवमाणूस ठरली असती. पण ती आमची आई.

"डोळे गेलेत तुझे, म्हातारे. मी तेव्हाच सांगितलं होतं भर पंगतीत. बोटांनी चाचपून निवडतेस ना? आणि बोटांवर चिंध्या बांधून बसलीस! अगं, झाडाच्या बुंध्याला तरी जास्त कळेल!"

"डोळे गेले," मावशी हळूच म्हणाली, "तरी तू दिसतेस. तेच तर दुःख आहे."

यावर फाटक इतकं हसलं की मुकादमाला ओरडावं लागलं. आईचा चेहरा काळानिळा झाला. तिनं मला टाकीखालची ताजी घोळ आणायला धाडलं. मी आणली, तिनं देठ न् देठ मोडून बघितला, पाला पाट्यावर वाटला आणि मावशीच्या बोटांवर बांधला. बांधताना पट्टी अशी आवळली की मावशीचा आवाज पत्र्याला जाऊन लागला.

"सैल कर, चांडाळणी!"

"सैल केली की पाला गळतो. गप बस."

मुकादमानं निकाल दिला तो असा. खाणावळ बंद करायची त्याची इच्छा नव्हती, त्याच्याच माणसांनी त्याला खाल्लं असतं. पण पळी सांडलेली तो विसरणार नव्हता. "मावशी, तुम्ही तोडा, शिजवा, काय हवं ते करा. पण निवडायला दुसरं माणूस पाहिजे. जो तोडतो त्यानंच निवडायचं, हे मला चालणार नाही."

दोघी बहिणींनी एकाच वेळी माना वर केल्या. आजीचं वाक्य या घोगऱ्या माणसाच्या तोंडून निघालं होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता.

"दुसरं माणूस म्हणजे कोण?" मावशीनं विचारलं.

"ज्याला ओळखू येतं ते. गल्लीत तुम्हा दोघींशिवाय कुणाला येतं?"

"मग कुलूप लावीन. हिच्या हाताखालून गेलेली घोळ मी शिजवणार नाही."

"लाव," आई म्हणाली. "मला काय, माझ्या ओट्यावर माणसं येतात."

मावशीनं खरंच कुलूप लावलं. म्हणजे चुलीला, दार उघडंच होतं. ती रोज सकाळी येऊन स्टुलावर बसायची, मांडीवर डाव, समोर रिकामी बाकं. भिंतीवरचा काळा पट्टा तेवढा पंगतीला बसलेला. माणसं कोपऱ्यावरच्या हॉटेलात जायला लागली. तिथली डाळ इतकी पातळ की तीत तोंड बघून दाढी करावी. चार दिवस गेले आणि पुन्हा तोंडं यायला लागली, घामोळी उठली. हेल्पर परत उभ्यानं जेवायला लागला.

तोच पहिल्यांदा खाणावळीच्या दारात जाऊन उभा राहिला. "मावशी, मिटवा की हो. मला बसायचंय."

"माझ्या मेल्यावर बस."

"मावशी, तोवर नाही दम निघणार."

मी कट्ट्यावरून बघत होतो. तिनं त्याला हाकललं, पण त्यानंतर बराच वेळ ती पट्टी बांधलेल्या हातानं डावाची दांडी चोळत बसली होती. बोटं बरी होत आली होती. डावानं ढवळायला खाणावळीत काही नव्हतं.

दुसऱ्या सकाळी आमच्या ओट्यावर धप्पकन काहीतरी आपटलं. दार उघडलं तर टोपली. घोळीनं भरलेली, दव तसंच, ताजी कापलेली. मावशी पाठमोरी, गल्लीत अर्ध्यावर. वळून न बघता ती नळाच्या तोटीला म्हणाली, "कुणाला डोळे असल्याची फार मस्ती असेल तर दाखवावी."

आई टोपलीकडं बघत राहिली. मी म्हणालो, "आई, ठेव आत."

"तू मधे बोलू नकोस." तिनं पाट ओढला, बसली, आणि देठ मोडायला लागली. भरभर, पाहतापाहता. तिचे ओठ पुटपुटत होते, शिव्याच असणार. नायटीच्या ज्या काड्या निघाल्या त्या तिनं फेकल्या नाहीत. त्यांची जुडी केली, दोऱ्यानं बांधली आणि निवडलेल्या घोळीवर अगदी वर, नजरेत भरेल अशी ठेवली. नजरेत नाही तर हाताला लागेल अशी. टोपली मी नेऊन दिली.

मावशीनं वरून हात फिरवला. जुडी हाताला लागली. तिनं ती चुलीत टाकली आणि चूल पेटवली.

असं सुरू झालं. सकाळी टोपली ओट्यावर आपटायची, तासाभरात परत जायची, वर जुडी. माणसं परत बाकांवर आली. हेल्पर बसला. आमच्या ओट्यावर भाजलेले हात परत आले; हंडा सरकवणारी बाई तिच्या पोराचं गळू घेऊन आली तेव्हा आईनं तिला बराच वेळ उन्हात उभी ठेवली आणि मगच पाला बांधला. दोघी बहिणींत मात्र एक शब्द नाही. उलट कडवटपणा वाढला होता, कारण आता रोज सकाळी त्याला ताजा खुराक होता. ती जुडी मावशीला असं टोचायची की ती पहाटे उठून टाकीखाली गुडघ्यांवर बसायची आणि बऱ्या झालेल्या बोटांनी एकेक पान चाचपून मगच विळा लावायची. जुडी बारीक होत गेली. चार काड्या. दोन काड्या.

मग एका सकाळी टोपलीत काहीच निघालं नाही. आईनं सगळी घोळ सुपात पसरली, पुन्हा मोडली, उलटीपालटी केली. देठ मोडले की स्वच्छ पाणी. एकातूनही दूध नाही.

आई चिडली. मला वाटलं होतं तिला हायसं वाटेल. ती उठली, पदर खोचला, गल्लीच्या टोकाच्या गटाराकडं गेली आणि परत आली तेव्हा तिच्या मुठीत नायटीची एक लांबलचक काडी होती. ती तिनं दोऱ्यानं बांधली, नीट गाठ मारली आणि टोपलीवर ठेवली.

"आई!"

"ने."

मी नेली. मावशीनं नेहमीसारखा वरून हात फिरवला. काडी सापडली. ती चुलीत जाणार होती, पण गेली नाही. मावशीनं तिचं पान चाचपलं, देठावरून बोट खाली नेलं, खाली, अगदी टोकापर्यंत, आणि थांबली.

टोकाला मूळ होतं. मातीसकट.

मावशी आयुष्यभर विळ्यानं कापत आली. मूळ तिनं कधी उपटलं नाही. उपटलं तर उद्या काय खाणार, ही आजीची शिकवण. ती स्टुलावरून उतरली, काडी हातात धरून रस्त्यावर आली आणि भिंतीला एक हात लावत, वाटेत येणाऱ्या सायकलवाल्याला शिव्या देत, सरळ आमच्या ओट्यापुढं येऊन उभी राहिली. मागून हेल्पर ओरडत होता, "मावशी, डाळ लागतेय!" तिकडं तिचं लक्ष नव्हतं.

"बाहेर ये!" तिनं आईला हाक मारली. तोटीला नाही, बादलीला नाही. आईला. "बाहेर ये, भामटे! ही उपटून आणलीस तू! मी कापते!"

आई दारात आली. "तुझ्याच टोपलीत होती."

"मुळासकट? माझ्या टोपलीत? हात लावून बघ! गटाराचा वास येतोय अजून!"

"म्हातारी झालीस, उपटली असशील चुकून."

"चुकून? मी? अगं, आईच्या हाताखाली मी कापायला शिकले तेव्हा तू नाक पुसायला शिकली नव्हतीस!"

"अजून तुझं नाक मीच पुसतेय! रोज सकाळी! काडी काडी मोडून!"

"मग पूस! पण स्वतःचा शेंबूड माझ्या टोपलीत टाकू नकोस!"

गल्ली दारादारांत उभी राहिली. नळ सोडून बायका आल्या. दोघी एकमेकींच्या तोंडासमोर तोंड नेऊन भांडत होत्या, इतक्या वर्षांचं सगळं बाहेर पडत होतं: डोक्यावर पालथी केलेली टोपली, आजीची बरणी कुणी नेली, मावशाच्या बाराव्याला कोण आलं नाही, आणि लहानपणी कुणी कुणाला टाकीत ढकललं होतं. श्वास घ्यायला थांबल्या की एकमेकींकडं बघायच्या आणि परत सुरू.

भोंगा झाला. फाटकातून माणसं बाहेर पडली, खाणावळीत शिरली आणि करपलेल्या डाळीच्या वासानं बाहेर आली. मुकादम रस्त्याच्या मधोमध उभा राहून ओरडला, "मावशी! जेवायला आहे की नाही?"

मावशीनं मान वळवली नाही. "आहे," ती म्हणाली. "करपलेलं खा. ही आधी संपू दे."

"मी संपत नसते," आई म्हणाली आणि ओट्यावर पाट ओढून बसली. "उभी का? बस. पाय दुखतील, मग तेही माझ्याच नावावर लावशील."

मावशी बसली नाही. पण गेलीही नाही.